रोजच्या ३८ किलोमीटरसाठी ॲडव्हेंचर बाइक: चौदा महिन्यांनंतर

घरापासून क्लिनिक १९ किलोमीटर. सकाळी पाऊण तास लागतो, संध्याकाळी सव्वा. हिशेब केला तर सकाळचा सरासरी वेग ताशी २५ येतो आणि संध्याकाळचा १५. ॲडव्हेंचर बाइक, म्हणजे कच्च्या वाटेवरही जाणारी उंच मोटारसायकल, घ्यायचं ठरवलं तेव्हा हे दोन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले, आणि पुढचे तीन महिने प्रत्येक गाडी त्यांच्यावरच तपासली. गाड्यांबद्दल जे काही वाचायला मिळत होतं ते बहुतेक ताशी शंभरला गाडी कशी वागते याबद्दल होतं. मला ताशी पंधराला ती कशी वागते हे हवं होतं.

शेवटी होंडाची एनएक्स५०० घेतली. चौदा महिने झाले. ओडोमीटरवर ११,४०० किलोमीटर आहेत आणि त्यातले दहा हजारांहून जास्त शहरातले आहेत.

आधी माझी मापं सांगते, कारण ती माहीत नसतील तर पुढचं सगळं तुमच्या फारसं उपयोगाचं नाही. उंची १६३ सेंटीमीटर. पायाची आतल्या बाजूची लांबी, जांघेपासून टाचेपर्यंत, ७५ सेंटीमीटर. वजन ५८ किलो, वय ४७. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांच्या कमरा, खांदे, मनगटं बघते. माझ्या स्वतःच्या कमरेतली एक चकती सहा वर्षांपूर्वी सरकली होती. व्यायामामुळे ती शांत आहे, आणि ती तशीच राहावी हे या खरेदीमागचं पहिलं कारण होतं.

त्याआधी नऊ वर्षं स्कूटर चालवली. चांगली गाडी होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण स्कूटरवर पाय पुढे ठेवलेले असतात. खुर्चीवरून उठून बघा: पाय पुढे पसरून उठता येत नाही, ते आधी खुर्चीखाली ओढून घ्यावे लागतात. स्कूटरवर नेमकं तेच होतं. समोर खड्डा दिसत असतो, पण सीटवरचं वजन उचलता येत नाही आणि धक्का बैठकीतून थेट कमरेत जातो. पाय ताणून बसायच्या क्रूझरवरही तीच अडचण. पुढे झुकून बसायच्या गाड्यांवर कमरेचा धक्का कमी होतो, पण सिग्नल-सिग्नलच्या रस्त्यावर धडाचं वजन मनगटांवर आणि मानेवर येत राहतं. वेग असेल तर समोरचा वारा छातीला थोडा आधार देतो. ताशी पंधराला वारा नसतो.

ॲडव्हेंचर बाइकवर पाठ सरळ, कोपर किंचित वाकलेले, आणि फूटपेग, म्हणजे पाय ठेवायच्या खुंट्या, जवळपास नितंबांच्या खाली. गतिरोधक आला की मी दोन बोटं वर उठते, धक्का मांड्या आणि घोटे झेलतात, परत बसते. दिवसातून पन्नासेक वेळा हे होत असेल. कमरेला त्रास असलेल्या माणसाने मला 'दुचाकी चालवू का' असं विचारलं तर मी आधी फूटपेग कुठे आहेत ते विचारते.

ही बैठक मुळात शहरासाठी घडलेली नाही. बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आर८० जी/एस आणली. जी म्हणजे गेलेंडे, उघडं रान. एस म्हणजे श्ट्रासे, रस्ता. ७९७ सीसीची ती गाडी या सगळ्या प्रकाराची पूर्वज मानली जाते. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, युबेर ओरिओल या फ्रेंच शर्यतपटूने बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डकार ही वाळवंटातून जाणारी शर्यत जिंकली आणि पुढे जवळपास प्रत्येक कंपनीने असल्या गाड्या काढल्या. उभं राहून चालवता यावं म्हणून रुंद आणि उंच हँडल, दगडांवरून जाता यावं म्हणून लांब सस्पेन्शन, अडचणीच्या वाटेवर वळता यावं म्हणून जास्त वळणारं हँडल. रानासाठी केलेल्या या गोष्टी गर्दीच्या रस्त्यावर जशाच्या तशा उपयोगी पडतात. समोरच्या मोटारीच्या टपावरून पलीकडचं दिसतं हे तर वेगळंच सुख आहे. दोन गाड्या पुढे कोणी ब्रेक मारला ते मला आधी कळतं. अडतात त्या दोन गोष्टी: सीटची उंची, आणि वजन जमिनीपासून किती वर आहे ते. माझी सगळी शोधाशोध या दोन गोष्टींभोवती झाली.

'मधल्या वजनाची' म्हणतात त्या वर्गात साधारण ४०० ते ९०० सीसीच्या गाड्या येतात. मी सहा बघितल्या: रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, होंडाच्या एनएक्स५०० आणि एनसी७५०एक्स, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम ६५०, कावासाकीची व्हर्सिस ६५० आणि यामाहाची टेनेरे ७००. काही शोरूममध्ये, काही ओळखीच्यांकडे.

टेस्ट राइडबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. बहुतेक ठिकाणी टेस्ट राइड म्हणजे सरळ रस्त्यावर एक किलोमीटर, यू-टर्न, परत. एका शोरूममध्ये तर 'मॅडम, आमचा माणूस मागे बसेल, तुम्ही फक्त सरळ चालवा' म्हणाले. मी नको म्हटलं आणि निघून आले. ज्यांनी मोकळेपणाने गाडी दिली त्यांच्याकडे मी इंजिन सुरू करायच्या आधी गाडी साइड स्टँडवरून सरळ केली आणि किंचित चढावर उलटी ढकलून बघितली. रोज पार्किंगमधून काढताना हेच करावं लागतं आणि शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर ते कळत नाही. मग रोजची बॅग पाठीला लावून दहा वेळा चढले-उतरले. मग दोन मोटारी उभ्या राहतील एवढ्या जागेत हँडल पूर्ण वळवून इंग्रजी आठाचा आकडा. मग शंभर मीटर माणसाच्या चालीच्या वेगाने, जमेल तितकं क्लचला हात न लावता. आणि शेवटी पाच-सात मिनिटं एकाच जागी, इंजिन चालू, रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत. यात वीस मिनिटं जातात. त्या वीस मिनिटांनी मला जे सांगितलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं.

सीटची उंची सगळे विचारतात, पण तो आकडा एकटा फसवा आहे. एनसी७५०एक्सची सीट ८०० मिलिमीटर, हिमालयनची ८२५ (ती वर-खाली करून ८४५ पर्यंत नेता येते), एनएक्सची ८३०, व्ही-स्ट्रॉमची ८३५, व्हर्सिसची ८४० च्या थोडी वर, टेनेरेची ८७५. माझा पाय ७५० आहे. म्हणजे कागदावर यातली एकही गाडी माझी नाही. प्रत्यक्षात दोन गोष्टी हिशेब बदलतात. पहिली, सीट पुढच्या बाजूला किती अरुंद आहे. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पायाची लांबी तिथेच खर्ची पडते. दुसरी, तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं. लांब आणि मऊ सस्पेन्शन बसताक्षणी खाली जातं. हिमालयनचं पुढचं-मागचं सस्पेन्शन दोनशे मिलिमीटर आहे आणि त्यावर बसलं की आकड्यापेक्षा ती खुजी वाटते. ऐंशी किलोच्या माणसासाठी ती आणखी खाली जाईल, माझ्या ५८ किलोला तेवढी नाही. त्यामुळे 'माझ्या एवढ्याच उंचीच्या मित्राचे पाय टेकतात' हा पुरावा धरू नका. मित्राचं वजनही विचारा.

तळवे दोन्ही पूर्ण टेकलेच पाहिजेत, हा आग्रह मी सोडला. एनएक्सवर जाड तळाचे बूट घालून माझे दोन्ही चवडे टेकतात. सिग्नलला मी सीटवर किंचित डावीकडे सरकते, डावा तळवा पूर्ण जमिनीवर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. गाडी ब्रेकने धरलेली असते, म्हणून उतारावरही घरंगळत नाही. पहिले पंधरा दिवस हे आठवून करावं लागलं, नंतर अंगवळणी पडलं. टेनेरेवर मात्र एका पायाचीसुद्धा फक्त बोटं टेकत होती. ती गाडी मला मनापासून आवडली, आजही आवडते: ६८९ सीसीचं इंजिन, समोर २१ इंची चाक, कुठेही न्या. पण रोज चाळीस-पन्नास वेळा बोटांवर उभं राहणं माझ्या कमरेला चाललं नसतं. सीट खाली घेण्याचे उपाय आहेत, मागच्या सस्पेन्शनला जोडणारी लिंक बदलता येते, सीटचा फोम कापता येतो. फोम कापला की सीट आणि फूटपेगमधलं अंतर कमी होतं, गुडघे जास्त दुमडतात, आणि तासाभराने तेच दुखायला लागतात. क्लिनिकमध्ये असे गुडघे मी बघितले आहेत.

वजनाचंही तसंच आहे. एनएक्स पेट्रोलसकट १९६ किलो, हिमालयनही १९६, टेनेरे २०५ च्या आसपास, व्ही-स्ट्रॉमची एक्सटी आवृत्ती २१६, एनसी स्वयंचलित गिअरसकट २२४. २२४ किलोची एनसी ढकलायला मला त्यातल्या हलक्या गाड्यांइतकीच सोपी गेली! कारण तिची पेट्रोलची टाकी सीटखाली आहे. नेहमीच्या जागी टाकीसारखं जे दिसतं तो २३ लिटरचा झाकणाचा कप्पा आहे, त्यात अख्खं हेल्मेट मावतं. उलट ज्या गाडीत साडेसतरा लिटर पेट्रोल हँडलजवळ, कमरेच्या उंचीवर असतं, तिथे टाकी भरली की तेरा किलो वर चढतात आणि हळू वळताना ते जाणवतात. शोरूममधल्या गाडीत बहुधा दोन-तीन लिटरच असतं. एका मैत्रिणीच्या गाडीची टाकी भरून मग ती चालवून बघितली तेव्हा हा फरक कळला. तुम्हीही तसं करा.

आता क्लच. याच्याबद्दल मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण शहरात गाडी आवडणार की नावडणार हे माझ्या मते इथे ठरतं.

मैत्रिणीची गाडी आठवडाभर माझ्याकडे होती, तेव्हा एका संध्याकाळी सतरा वर्षांच्या भाचीला मागे बसवलं. तिच्या हातात क्लिनिकमधला टॅली काउंटर दिला, व्यायामाची आवर्तनं मोजायचा असतो तो. मी क्लच दाबला की तिने एकदा बटण दाबायचं. घरी पोचल्यावर तिने हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "मावशी, एकशे त्र्याण्णव. आणि शेवटच्या पुलाखाली मला मोजताच येईना, तू धरून-सोडून धरून-सोडून चालली होतीस." एकोणीस किलोमीटरमध्ये १९३ वेळा. सकाळी थोडे कमी धरले तरी महिन्याला सात हजारांच्या वर जातात. कुठल्याही पेशंटला मी महिन्याला सात हजार वेळा मूठ आवळायला सांगणार नाही, तीही वजनाविरुद्ध.

त्यानंतर प्रत्येक गाडीवर मी पहिल्यांदा क्लच दाबून बघू लागले, दोन बोटांनी, वीस वेळा. असिस्ट-स्लिपर क्लच असलेल्या गाड्यांमध्ये फरक लगेच कळतो. त्यात इंजिनाचा जोर तिरक्या खाचांमधून क्लचच्या चकत्यांना आपोआप एकमेकींवर ओढतो, त्यामुळे स्प्रिंग मऊ ठेवता येतात आणि लिव्हर हलका होतो. हिमालयन ४५० मध्ये आणि एनएक्समध्ये तो आहे. एनएक्सचा क्लच मला सगळ्यांत हलका वाटला. तरीही लिव्हर जसा लावून येतो तसा ठेवू नका. गाडीवर बसा, हात हँडलवर नेहमीसारखे ठेवा, आणि बोटं लिव्हरवर गेल्यावर मनगट वर मुडपत असेल तर लिव्हर थोडा खाली फिरवून घ्या. पुढचा हात, मनगट आणि बोटं एका सरळ रेषेत हवीत. दोन मिनिटांचं काम आहे आणि मनगटाच्या निम्म्या तक्रारी तिथेच थांबतात.

क्लच किती वेळा लागतो हे इंजिनावरही आहे. एका सिलिंडरचं इंजिन फार कमी आरपीएमला, म्हणजे कमी फेऱ्यांना, धडधडतं, चेन हिसके देते, म्हणून रांगेत क्लच अर्धा धरावा लागतो. दोन सिलिंडरचं इंजिन तिथे शांत असतं.  व्ही-स्ट्रॉमच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाला सुझुकीने क्लच सोडताना आरपीएम आपणच थोडे वाढवण्याची सोय दिली आहे, नवख्या माणसाला ती फार उपयोगाची आहे, गाडी बंद पडत नाही. एनएक्स पहिल्या गिअरमध्ये थ्रॉटल न देता माणसाच्या चालीने सरकत राहते. मी समोरच्या मोटारीपासून मुद्दाम एक गाडीचं अंतर ठेवते आणि त्या चालीने सरकते. असं चालवायला लागल्यावर भाचीला पुन्हा मागे बसवलं. त्या संध्याकाळी आकडा १३१ आला.

एनसी७५०एक्सच्या डीसीटी, म्हणजे दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरच्या, प्रकारात क्लचचा लिव्हरच नाही. विषम गिअरना एक क्लच, सम गिअरना दुसरा, आणि अदलाबदल गाडी स्वतः करते. मनगटाच्या दृष्टीने याहून चांगलं काही नाही, आणि ज्यांच्या डाव्या हाताला आधीच त्रास आहे त्यांना मी ही गाडी सांगेन, पुढचं काही न वाचता. मी का घेतली नाही? चढावर पूर्ण वळून यू-टर्न घेताना माझा हात सवयीने क्लच शोधत राहिला. डीसीटीवर तिथे मागचा ब्रेक हलका धरून वेग सांभाळायचा असतो. ते शिकता येतं, एका सहकाऱ्याने दोन आठवड्यांत शिकून घेतलं. मला तेवढं वजन आणि ती सवय, दोन्ही एकदम नको होतं.

उष्णतेचं थोडक्यात. पाच मिनिटं उभं राहून पंखा लागला की गरम हवा कुठे जाते ते पायाने बघा. काही गाड्यांत ती थेट उजव्या नडगीवर येते. एका गाडीवर, नाव घेत नाही, मला पायाला फडकं गुंडाळावंसं वाटलं होतं. उन्हाळ्यात जाड पँट घालून चालवणार असाल तर हिवाळ्यात टेस्ट राइड घेऊन ठरवू नका.

चाकांबद्दल लोकांचं मत फार पक्कं असतं. माझं असं आहे: समोरचं चाक २१ इंची असेल तर ते खड्ड्याच्या कडेवरून सहज जातं, पण पटकन दिशा बदलायला जरा जड. १७ इंची, जसं व्हर्सिस आणि एनसीला आहे, चटकन वळतं, त्याला रस्त्याचे चांगले टायर भरपूर मिळतात, पण खोल खड्ड्यात ते जास्त उतरतं. १९ इंची दोन्हींच्या मधलं. एनएक्सची आधीची पिढी, सीबी५००एक्स, २०१३ मध्ये १७ इंची चाकावर आली होती. २०१९ पासून तिला १९ इंची मिळालं. माझ्या रस्त्यावर खणलेले पट्टे, लोखंडी झाकणं आणि गतिरोधक हे तिन्ही आहेत, त्याला १९ पुरेसं पडलं.

त्याहून महत्त्वाचं: ट्यूबलेस आहे का? एनएक्सची चाकं ओतीव आहेत, ट्यूब नाही. सातव्या महिन्यात मागच्या टायरमध्ये खिळा गेला. रस्त्याच्या कडेला थांबले, खिळा पक्कडीने उपटला, छिद्र घासून रबरी पट्टी आत ढकलली, छोट्या पंपाने हवा भरली. पंचवीस मिनिटांनी पहिल्या पेशंटसमोर होते. ट्यूब असती तर अवजड मागचं चाक काढणं आलं असतं आणि मला एकटीला ते जमलं नसतं. तारांची चाकं दिसायला सुंदर असतात आणि खडकाळ वाटेवर ती मार सोसतात. घ्यायचीच असतील तर ट्यूबलेस तारांची मिळतात का ते आधी विचारा.

पावसात ट्रॅक्शन कंट्रोलने, म्हणजे मागचं चाक जागच्या जागी घसरत फिरू न देणाऱ्या सोयीने, दोनदा मला सावरलं, दोन्ही वेळा झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पट्ट्यांवर. समोर दोन डिस्क आणि एबीएस आहे. ब्रेक करताना लांब सस्पेन्शनच्या गाड्या नाक खाली घालतात, स्कूटरवरून आलेल्याला ते विचित्र वाटतं. अगदी हळू असताना पुढचा ब्रेक सोडून मागचा वापरला की गाडी ताठ राहते.

आणि हो, गाडी पडली. दुसऱ्याच महिन्यात, तळघरातल्या पार्किंगच्या चढावर. टाकी भरलेली, वर बॅग, चढावर उजवीकडे वळताना समोर माणूस आला म्हणून थांबले. उजवा पाय टेकायला गेले तर जमीन उताराकडे होती, जिथे असायला हवी त्यापेक्षा पाच बोटं खाली. गाडी सरळ असेपर्यंत दोन बोटांनी सांभाळता येते. एका मर्यादेपलीकडे कलली की कोणाच्याही हातात राहत नाही. मी धरायचा प्रयत्न केला नाही, पाय बाजूला घेतला आणि तिला हळू खाली जाऊ दिलं. पेशंटना मी हेच सांगते: पडणारी गाडी ओढून धरू नका, गाडीचा गार्ड बदलता येतो. माझ्या गाडीला क्रॅश गार्ड होता, त्यावर एक ओरखडा आला, बाकी काही नाही.

उचलताना पाठ गाडीकडे करायची. इंजिन बंद, गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर आधी डावीकडचा साइड स्टँड उघडून ठेवायचा, गिअरमध्ये टाकायची म्हणजे घरंगळणार नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं. नितंब सीटच्या कडेला टेकवायचे, एका हाताने हँडलची मूठ, दुसऱ्याने मागची कडी, पाठ सरळ, आणि छोटी छोटी पावलं मागे टाकत मांड्यांच्या जोरावर उभं राहायचं. कमरेतून वाकून, तोंड गाडीकडे करून उचलायला गेलात तर माझ्यासारख्या एखादीच्या क्लिनिकमध्ये याल. मी ५८ किलोची आहे आणि १९६ किलोची गाडी एकटीने उभी केली. ज्या दिवशी गाडी घ्याल त्याच आठवड्यात कोणाला तरी सोबत घेऊन गवतावर हे एकदा करून बघा. त्यानंतर मला चढावरची भीती वाटली नाही.

आता त्या चढावर थांबायची वेळ आली तर मी आधी बघते उंच बाजू कुठली आहे, आणि त्याच पायावर थांबते.

सामानासाठी फक्त मागे एक टॉप बॉक्स लावला. बाजूच्या पेट्या शहरात नकोत. गाडीची रुंदी वाढते आणि ती किती वाढली हे मागे दिसत नाही. हँडल आधीच रुंद आहे. साध्या मोटारींच्या आरशांवरून ते निघून जातं, पण उंच गाड्या आणि व्हॅनच्या आरशांना बरोबर लागतं, म्हणून दोन व्हॅनच्या मधून मी जातच नाही. टॉप बॉक्समध्ये हलकं ठेवते, रेनकोट आणि कागद. जड वस्तू तिथे ठेवली की गाडीचं शेपूट डोलतं.

पेट्रोल सरासरी लिटरला २५ किलोमीटर. दहा कामाच्या दिवसांनी टाकी भरते. चेन दर सहाशे किलोमीटरला स्वच्छ करून ल्यूब लावते, पावसात त्याआधीच. मधला स्टँड गाडीबरोबर येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. तो मी पहिल्या दिवशीच घ्यायला हवा होता. मागे बसणाऱ्याला चढायला उंच पडतं, माझी आई एकदाच बसली आणि परत नको म्हणाली. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं रोज मागे बसणार आहेत त्यांनी त्यांना घेऊनच शोरूममध्ये जावं.

ताकद पुरते का, हे मला सगळेच विचारतात. ४७१ सीसी, ४७ अश्वशक्ती. मोकळ्या रस्त्यावर सामान आणि दोन माणसं घेऊन ओव्हरटेक करताना व्ही-स्ट्रॉम किंवा व्हर्सिसचा जोर वेगळाच आहे. महिन्यातून दोनदा लांब जात असाल तर त्या दोन्ही गाड्यांपैकी एक घ्या, शहरातलं जास्तीचं वजन सोसा. रस्ता अर्धा कच्चा असेल तर हिमालयन. माझं वर्षातून दोन-तीनदाच लांब जाणं होतं आणि तेवढ्यासाठी एनएक्स कुठे कमी पडली नाही.

कमरेचं सांगायचं राहिलं. चौदा महिन्यांत एकदाही आडवं पडावं लागलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर आधी अर्धा तास जमिनीवर पाय वर करून पडायची, ते बंद झालं.

मागचा टायर मधोमध सपाट झालाय. रानातल्या रांगड्या नक्षीचा घ्यावा असं मनात होतं, पण ओल्या झेब्रा क्रॉसिंगवर मला रस्त्याचाच हवा. शनिवारी टाकतेय.